जुन्या काँक्रीट मंडईला नवा वापर देताना: सोलापूरसाठी कामाचा क्रम

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत नगरपालिकांनी ज्या मंडया आणि बाजार-इमारती बांधल्या, त्यांचे रूप आधीच्या दगडी, कौलारू मंडयांपेक्षा अगदी वेगळे होते. आर.सी.सी.चे सडसडीत खांब, लांब पल्ल्याचे बीम, घडीच्या स्लॅबचे किंवा पातळ कमानीचे छप्पर, वरून उजेड यावा म्हणून उंचावर ठेवलेले झरोके, भिंतीच्या जागी सिमेंटची जाळी, उन्हाला अडवणारे खोल छज्जे आणि खाली शहाबादी फरशीचे ओटे अशी ही साधी, कामाची वास्तू असे. सोलापुरात महापालिकेच्या आवारातील आप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवन या इमारतीकडे पाहिले की तिचा वारसा कुणालाही समजावून सांगावा लागत नाही, कारण तो नक्षीतून दिसतो. काँक्रीटच्या मंडईत नक्षी नाही. तिचे मोल मोकळ्या पल्ल्यात, वाऱ्याच्या वाटेत आणि ओट्यांच्या मांडणीत आहे, आणि नेमक्या याच गोष्टी नूतनीकरणाच्या नावाखाली सर्वांत आधी बळी जातात.

अशा इमारतींच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम उलटा लागतो. आधी वापर ठरतो, मग त्या वापराचा नकाशा निघतो आणि शेवटी इमारत त्या नकाशात बसत नाही म्हणून तिचे खांब हलवणे, झरोके बुजवणे, मजला चढवणे सुरू होते. खर्च वाढला की पाडून नवे बांधणेच बरे, हा निष्कर्ष आपोआप समोर येतो. या लेखात क्रम वेगळा ठेवला आहे. आधी इमारत वाचायची, मग तिच्यात पोट भरणाऱ्या माणसांची नोंद करायची, मग काँक्रीटची तपासणी, त्यानंतर वजनाचा हिशेब, आणि त्या हिशेबातून वापर. दुरुस्तीचा आराखडा वापर ठरल्यावरच काढायचा.

पहिली पायरी: कागद आणि माप

महापालिकेच्या बांधकाम विभागात जुने नकाशे, मोजमाप पुस्तके आणि अंतिम देयके सापडण्याची शक्यता असते. सोलापूर नगरपालिकेची महापालिका 1964 मध्ये झाली, त्यामुळे त्याआधीच्या इमारतींचे कागद नगरपालिकेच्या शीर्षाखाली, वेगळ्या गठ्ठ्यांत असू शकतात आणि ते मुद्दाम मागावे लागतात. नकाशा मिळाला नाही तरी देयकावरून बरेच कळते. त्यात लोखंडाची नोंद साध्या गोल गजाची आहे की पीळ दिलेल्या टॉर गजाची, हे पाहावे. पीळाचे गज आपल्याकडे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रुळले. साध्या गजाची काँक्रीटशी पकड कमी असते आणि तो बराचसा टोकाला वाकवलेल्या आकड्यावर टिकतो. पीळाच्या गजाची पकड चांगली, पण पीळ देताना पृष्ठभागावर ताण राहिल्याने तो गंजाला लवकर बळी पडतो. दोन्हींची दुरुस्ती एकाच पद्धतीने करता येत नाही.

त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि ते अंशतः उठले 1982 मध्ये. सिमेंट आणि लोखंड दोन्ही मोजून मिळत असल्याने अभियंत्यांनी छपरे पातळ केली, घड्या घालून किंवा कमान देऊन त्यांना ताकद दिली. या पातळपणाकडे कंजुषी म्हणून पाहू नये. ती त्या पिढीची कारागिरी आहे. स्पेनमधील अल्हेसिरासच्या बाजाराचे एदुआर्दो तोरोखा यांनी 1935 च्या सुमारास पूर्ण केलेले कवच सुमारे 48 मीटर व्यासाचे असून माथ्यावर अवघे 9 सेंटीमीटर जाड आहे, आणि त्याखाली आजही बाजार भरतो. आपल्या मंडईचा पल्ला त्यापेक्षा कितीतरी लहान असला तरी विचार तोच आहे, आणि अशा छपराला मनाला येईल तिथे भोक पाडता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मापाचे काम 1:50 प्रमाणात करावे आणि मूळ बांधकाम एका रंगात, नंतरची भर दुसऱ्या रंगात दाखवावी. पोटमाळे, शटर, पत्र्याचे शेड, पाण्याच्या टाक्या, बंद केलेल्या जाळ्या, ओटे फोडून काढलेले गाळे असे सगळे त्यात आले पाहिजे. हा दोन रंगांचा नकाशा हाती आला की पुष्कळदा लक्षात येते की इमारत वाईट नाही, तिच्यावर चढवलेले ओझे वाईट आहे.

दुसरी पायरी: ओटेधारकांची नोंद

ही नोंद तपासणीच्या आधी करावी, कारण परांची उभी राहिली की अफवा सुटतात आणि मग खरी माहिती कुणी देत नाही. पहाटे माल उतरतो तेव्हा, दुपारी आणि संध्याकाळच्या गर्दीत अशा तिन्ही वेळी गणना करावी. परवानाधारक कोण, प्रत्यक्ष बसणारा कोण, पोटभाडेकरू कोण, आवाराबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या बायका किती, हमाल आणि हातगाडीवाले कुठून आत येतात, पाणी आणि स्वच्छतागृह कोण वापरते, हे सर्व लिहून काढावे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांत माणसे व्यवहार करतात. सूचनापत्र केवळ मराठीत लावले तर पूर्व भागातून येणाऱ्या तेलुगूभाषक विक्रेत्यांपैकी अनेकांपर्यंत ते पोहोचणार नाही.

पथविक्रेता अधिनियम, 2014 इथे नीट वाचून घ्यावा. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असे तत्त्व आहे की ज्या नैसर्गिक, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जमत आलेल्या, बाजारात 50 वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालत आली आहे, तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये. मंडईभोवती बसणाऱ्या विक्रेत्यांच्या दृष्टीने ही तरतूद अतिशय महत्त्वाची आहे, आणि प्रकल्प अहवालात तिचा उल्लेख पहिल्या प्रकरणातच यायला हवा. विक्रेत्यांना बाहेर ठेवून वाचवलेल्या मंडईत खांब वाचतात, मंडई वाचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: काँक्रीटची तपासणी

ज्या ठिकाणी स्लॅबचे तुकडे पडत आहेत, तिथे तपासणीची वाट न पाहता टेकू लावावेत आणि खालची जागा रिकामी करावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीचे संरचनात्मक स्थैर्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. मात्र तेवढ्यासाठी केलेले स्ट्रक्चरल ऑडिट पुनर्वापराच्या कामाला पुरत नाही. इमारत आज उभी राहील का, एवढाच प्रश्न तिथे विचारलेला असतो. आपल्याला हवे आहे ते कारण: खराबी कुठून सुरू झाली आणि ती किती खोल गेली आहे.

सुरुवात पाण्यापासून करावी. पहिल्या मोठ्या पावसात छपराखाली उभे राहून ओल कुठे उमटते ते नकाशावर खडूच्या रंगाने नोंदवावे. सोलापूर अवर्षणप्रवण असले तरी सप्टेंबरमधला परतीचा पाऊस कमी वेळात पुष्कळ पडतो, आणि घडीच्या छपराच्या पन्हळीत पाला-कचरा साचलेला असेल तर तिथे तळे होते. त्यानंतर हातोडीने ठोकून पाहण्याचे काम येते. निरोगी काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले पोकळ वाजते. प्रत्येक बीम दर हातभर अंतरावर ठोकून पोकळ भाग खडूने आखावा आणि मग त्याचे क्षेत्रफळ मोजावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण निविदेतील परिमाणे यावरच ठरतात आणि कंत्राटदाराशी होणारे निम्मे वाद इथेच टळतात.

पुढची चाचणी स्वस्त, आणि पाहणाऱ्याला लगेच पटणारी आहे. बीमच्या कोपऱ्याचा छोटा तुकडा ताजा फोडावा, धूळ फुंकून टाकावी आणि त्यावर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण फवारावे. आतला भाग गडद गुलाबी होतो आणि बाहेरची एक पट्टी राखाडीच राहते. ही राखाडी पट्टी म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडने ज्याची अल्कता संपवली आहे असे काँक्रीट. गज गुलाबी भागात असेल तर तो सुरक्षित. राखाडी पट्टीने गजाला गाठले असेल तर त्याचे संरक्षक कवच गेले, आणि ओल मिळताच तो गंजू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. या पट्टीची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते असे ढोबळमानाने धरतात. 25 वर्षांत 15 मिलिमीटर गेली असेल तर 60 वर्षांत सुमारे 23 मिलिमीटर जाईल. जुन्या स्लॅबमध्ये गजावरचे आवरण 12 ते 15 मिलिमीटरच असे, हे लक्षात घेतले तर एकाच वेळी सगळीकडे पापुद्रे का सुटू लागले याचे उत्तर मिळते.

मासळी आणि मटणाच्या विभागात कारण वेगळे असते. तिथे मीठ आणि बर्फाचे पाणी वर्षानुवर्षे खांबांच्या पायथ्याशी झिरपलेले असते. क्लोराइडमुळे गजाला खोल खड्डे पडतात आणि बाहेरून फारसे काही दिसत नाही. अशा खांबांवर हाफ-सेल चाचणी, म्हणजे गजाचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी, घ्यावी. तांबे-तांबे सल्फेट इलेक्ट्रोडच्या मापात वाचन उणे 350 मिलिव्होल्टपेक्षा अधिक उणे आले, तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात. शिवाय भुकटी काढून प्रयोगशाळेत क्लोराइडचे प्रमाण तपासून घ्यावे.

एकट्या रिबाउंड हॅमरवर, म्हणजे पृष्ठभागावर आपटून उसळीवरून काँक्रीटची ताकद सांगणाऱ्या उपकरणावर, विसंबू नये. कार्बनने कठीण झालेल्या जुन्या पृष्ठभागावर त्याचे वाचन फसवे वाढीव येते. सोबत अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींचा वेग मोजणारी) चाचणी आणि काही गाभे, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढून दाब-चाचणी घ्यावी. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक या दोन्ही चाचण्यांची मानके आता आय.एस. (भारतीय मानक) 516 च्या भाग 5 मध्ये आहेत, जुन्या आय.एस. 13311 चा हवाला देणारा अहवाल आला तर सुधारून मागावा. त्या काळचे 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रण आजच्या एम15 या ताकदीच्या श्रेणीच्या आसपास येते, म्हणून एम15 चा निकाल आला तर घाबरून जाऊ नये. इमारत त्याच ताकदीवर आखलेली होती.

भूकंपाचा मुद्दा सोलापूरकरांना 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीनंतर समजावण्याची गरज नाही. मंडईत एक विशिष्ट धोका असतो, आणि तो बहुधा मूळ आराखड्यात नसून नंतर आलेला असतो. दोन खांबांच्या मध्ये गाळेधारकाने अर्ध्या उंचीची पक्की भिंत घातली की खांबाचा खालचा भाग जखडला जातो आणि हादऱ्याचा सगळा मार वरच्या आखूड तुकड्यावर येतो. असे आखूड खांब कातरून तुटतात. उपाय सोपा आहे: भिंत काढावी, किंवा भिंत आणि खांब यांच्यात सांधा ठेवून तो लवचिक पदार्थाने भरावा. एकूण भूकंपीय मूल्यांकन आय.एस. 15988 प्रमाणे करून घ्यावे.

चौथी पायरी: वजनाचा हिशेब, आणि त्यातून वापर

तपासणीचा अहवाल हाती आल्यावर पहिले काम इमारतीवरचे अनावश्यक ओझे काढण्याचे. छपरावर गळती थांबवण्यासाठी थरावर थर कोबा चढवलेला असतो. 10 सेंटीमीटर जाडीचा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा दर चौरस मीटरला जवळपास 200 किलो भरतो, आणि वर माणसे जाऊ शकतात अशा सपाट छपरासाठी आय.एस. 875 मध्ये धरला जाणारा भार आहे 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो. एक जुना थर उतरवला तर छपराला माणसांसाठी धरलेल्या या भारापेक्षा जास्त सुटका मिळते. अशा ठिकाणी खांबांना जॅकेट (भोवती नव्या काँक्रीटचे आवरण) घालण्याआधी हा थर उतरवून पुन्हा हिशेब करावा. काही वेळा जॅकेटची गरजच उरत नाही.

आता मजल्यांचा विचार. किरकोळ दुकानांसाठी मानक भार दर चौरस मीटरला 4 किलोन्यूटन आहे, त्यामुळे वरचा मजला मूळ बाजारासाठीच बांधलेला असेल तर तेवढी क्षमता आराखड्यात असायला हवी. बसवलेल्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी 5 लागतो, म्हणजे वरच्या मजल्यावर कार्यक्रमाचा हॉल करायचा ठरवले की मजबुतीकरण आलेच. पुस्तके वेगळ्या जागी ठेवणाऱ्या वाचनकक्षाला 3 पुरतो, पण पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला किमान 6 लागतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी सोलापुरात अभ्यासिकेची मागणी मोठी आहे, आणि वरच्या मजल्यावर टेबल-खुर्च्यांची अभ्यासिका हा इमारतीला झेपणारा वापर ठरतो. ग्रंथसाठा मात्र तळमजल्यावरच ठेवावा. यंत्रमाग वर न्यावा ही कल्पना कितीही आकर्षक वाटली तरी सोडून द्यावी, कारण त्याचे वजन एकवेळ पेलेल, पण अखंड कंप जुन्या सांध्यांना मानवणार नाही. हातमागाचे प्रात्यक्षिक तळमजल्यावर छान होते. पारंपरिक खड्ड्याचा माग बसवायचा असेल तर खड्ड्याची जागा पायापासून दूर आहे ना, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. काळी माती असेल तर या खड्ड्यात पाणी जाणार नाही याची विशेष काळजी हवी, कारण ती ओलीने फुगते आणि सुकल्यावर भेगाळते.

वापर ठरवताना एक कसोटी लावावी: नवा वापर मोठ्या दालनाचे तुकडे न पाडता चालतो का? फ्रान्समधील रेंस शहराच्या 1929 च्या काँक्रीट बाजार-कमानीचा पल्ला 38 मीटर आहे. ती 1988 मध्ये बंद पडली, पाडण्याच्या चर्चेतून वाचली आणि दुरुस्तीनंतर 2012 मध्ये पुन्हा उघडली. आठवड्यातले काही दिवस बाजार आणि बाकीच्या वेळी प्रदर्शने व कार्यक्रम असा तिचा दुहेरी वापर आहे. फ्रँकफुर्टच्या मार्टिन एल्सेसर यांच्या 1928 च्या घाऊक बाजाराचा वापर मात्र पूर्ण बदलला. तो आता युरोपियन सेंट्रल बँकेच्या संकुलाचा भाग आहे, आणि तिथे सभाकक्ष व उपाहारगृह जुन्या दालनाच्या आत, छपराला न टेकता, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या वेगळ्या घरांसारखे बांधले आहेत. ही पद्धत आपल्यालाही उपयोगी आहे. काच आणि पोलादाची हलकी खोली दालनात उभी करता येते आणि पुढे गरज बदलली की काढताही येते.

सोलापूरसाठी मला रेंसचा मार्ग जवळचा वाटतो. कांद्यासारख्या मालाचा घाऊक व्यवहार बाजार समितीच्या आवारात होतो. पेठेतल्या मंडईकडे किरकोळ भाजीपाला राहतो आणि दुपारनंतर दालन बऱ्याच अंशी रिकामे पडते. सकाळी ओट्यांवर भाजी, हिवाळ्यात हुरड्याचे आणि वर्षभर शेंगा चटणी, कडक भाकरीचे बचत गटांचे ओटे, चादर-टॉवेलच्या विक्रीसाठी एक बाजू आणि वर अभ्यासिका, असा वापर घड्याळाप्रमाणे वाटला तर एकाही मूळ ओट्याला धक्का लावावा लागत नाही. 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर तिच्याच शहराच्या मंडईत सन्मानाने मांडलेली असावी, ही अपेक्षा मोठी नाही.

पाचवी पायरी: परवानग्या

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत वारसा वास्तूंच्या श्रेणी आणि त्यांवर कोणते काम करता येते याची चौकट आहे. इमारत यादीत नसेल तर दस्तऐवजीकरण पूर्ण होताच तिचा समावेश मागावा, कामाच्या शेवटी नव्हे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील 1972 चे हॉल ऑफ नेशन्स, ज्याची रचना राज रेवाल यांची आणि संरचना महेंद्र राज यांची होती, ते 2017 मध्ये पाडले गेले. वारसा समितीने 60 वर्षांच्या वयाची अट पुढे केली होती. आधुनिक वास्तू म्हातारी होण्याआधीच जाते, ती अशी.

गाळे किंवा दालन संस्थेला चालवायला द्यायचे असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 ची, म्हणजे पालिकेची मालमत्ता इतरांना देण्याची, प्रक्रिया पाळावी लागते. खाद्यपदार्थांचे ओटे आले की अग्निशमनाचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा आणि सिलिंडर एकाच हवेशीर जागी, मुख्य दालनाबाहेर ठेवून नळीने गॅस आणावा. दिव्यांग आणि वृद्धांसाठी उतार 1:12 पेक्षा तीव्र असू नये. हाच उतार हातगाडीलाही सोयीचा पडतो, त्यामुळे त्याला सहसा कुणाचा विरोध होत नाही.

सहावी पायरी: दुरुस्ती

हवामानाचे वेळापत्रक आधी मांडावे. काँक्रीटची कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावीत आणि छपराची जलरोधक कामे मेअखेर संपवावीत. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो. तेव्हा लावलेले दुरुस्तीचे मॉर्टर जमण्याआधी सुकते आणि कडांना सुटते. आय.एस. 456 प्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस आणि मिश्र सिमेंटला 14 दिवस ओलावा द्यावा. गोणपाट भिजवून वर प्लॅस्टिक बांधले तर पाणी कमी लागते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा कंत्राटदार बोअर किंवा टँकरचे पाणी वापरणार हे गृहीत धरावे आणि ते आधी तपासून घ्यावे. आर.सी.सी.साठी पाण्यातील क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

खराब काँक्रीट फोडताना कंजुषी करू नये. गजाच्या मागे बोट जाईल इतकी, म्हणजे 20 ते 25 मिलिमीटर, मोकळी जागा होईपर्यंत फोडावे आणि कड करवतीने सरळ कापून घ्यावी. एका बीमला एका वेळी किती लांबी फोडायची हे अभियंत्याने लिहून द्यावे आणि तोवर टेकू काढू नयेत. गज वाळूच्या फवाऱ्याने किंवा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावा. त्याची जाडी कॅलिपरने मोजावी आणि झीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे असेल तर शेजारी नवा गज जोडावा. पीळाच्या गजावर वेल्डिंग करू नये. उष्णतेने पीळातून आलेली ताकद जाते. त्यानंतर जस्तयुक्त प्रायमर आणि पॉलिमर मॉर्टर, तर खोल आणि मोठ्या भागात साच्यात ओतलेले मायक्रोकाँक्रीट.

इथे एक बारकावा अनेक चांगल्या कामांनाही बुडवतो. एका जागी नवे, अल्कयुक्त मॉर्टर भरले की तिथला गज सुरक्षित होतो, पण लगतच्या जुन्या, दूषित काँक्रीटमधील गज त्यानंतर अधिक वेगाने गंजू लागतो. दोन-तीन वर्षांत ठिगळाच्या भोवती गोल भेग उमटते ती यामुळे. म्हणून क्लोराइडच्या भागात नुसती ठिगळे लावू नयेत. दूषित काँक्रीट पुढपर्यंत काढावे, किंवा ठिगळाच्या कडेला जस्ताचे बलिदानी ॲनोड, म्हणजे गजाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बसवावेत.

उघड्या काँक्रीटवर फळ्यांच्या साच्याची नक्षी असते. ती इमारतीची सही आहे. तिच्यावर प्लास्टर किंवा पुट्टी चढवू नये. नव्या ठिगळाचा रंग आणि पोत जुळवण्यासाठी निविदेतच नमुना पट्ट्यांची अट घालावी: एक मीटरचे वेगवेगळे नमुने भिंतीच्या कमी दिसणाऱ्या बाजूला करून घ्यावेत, ते पूर्ण सुकल्यावर उन्हात पाहावेत, आणि पसंत केलेला नमुना काम संपेपर्यंत तसाच राखावा. शेवटी कार्बन अडवणारा, पण आतली वाफ बाहेर जाऊ देणारा पारदर्शक लेप द्यावा. ही कामे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत जशीच्या तशी मिळत नाहीत, म्हणून दर-विश्लेषण करून स्वतंत्र बाबी मंजूर करून घ्याव्यात; तसे न केल्यास ‘प्लास्टर दुरुस्ती’ या एका ओळीखाली सगळे दडपले जाते.

तुटलेल्या सिमेंट जाळ्यांसाठी एका सुस्थितीतील जाळीवरून साचा करून नव्या ओताव्यात. मोझॅकची फरशी घासून उजळावी. झिजलेली शहाबादी बदलायची असेल तर दगड शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून, शहाबाद भागातूनच येतो. तो उपलब्ध असताना चकचकीत टाइल लावण्याचे काहीही कारण नाही, आणि ओल्या भाजीबाजारात ती घसरडीही ठरते. छपरात ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू, कापू वा घासू नयेत. भिजवून अखंड उतरवावेत, गुंडाळावेत आणि घातक कचरा म्हणूनच त्यांची विल्हेवाट लावावी. कामगारांना साध्या फडक्याऐवजी योग्य मास्क द्यावा.

सातवी पायरी: उजेड, वारा आणि सोलापूरचा उन्हाळा

मूळ आराखड्यात वारा खालच्या जाळीतून आत यावा आणि तापून हलका झालेला वरच्या झरोक्यातून जावा अशी सोय असते. उदबत्ती पेटवून धुराची दिशा पाहिली तर ही वाट आज कुठे तुंबली आहे ते लगेच समजते. बहुधा एखाद्या गाळ्याचा पोटमाळा किंवा झरोक्यावर ठोकलेला पत्रा आडवा येतो. तो काढावा, कबुतरांसाठी जाळी लावावी आणि छपराला पांढरा परावर्तक लेप द्यावा. दालन बंद करून वातानुकूलन बसवण्याचा प्रस्ताव हमखास येतो. त्याला नकार द्यावा. वातानुकूलन अभ्यासिकेपुरते, आतल्या हलक्या खोलीत ठेवता येते. सौर पॅनल लावायचे झाल्यास पातळ कवचावर लावू नयेत. खांबांवर येणाऱ्या बीमच्या रेषेत, वाऱ्याच्या उचलीचा हिशेब करूनच लावावेत.

आठवी पायरी: बाजार चालू ठेवून काम

दालनाचे भाग पाडून एकेक भाग रिकामा करावा, सगळी मंडई एकदम बंद करू नये. प्रत्येक ओटेधारकाला जुना ओटा क्रमांक, तात्पुरती जागा आणि परत येण्याचा क्रमांक लिहिलेले, सहीशिक्क्याचे पत्र काम सुरू होण्याआधी मिळाले पाहिजे. तात्पुरती जागा मंडईपासून चालत जाण्याइतकी जवळ असावी, अन्यथा गिऱ्हाईक तुटते आणि ते परत येत नाही. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरात गर्दी आणि वाहतुकीचे बदल असतात. त्या पंधरवड्यात ओटे हलवणे आणि मोठी यंत्रसामग्री आणणे टाळावे, आतली कामे चालू ठेवावीत.

नववी पायरी: ताबा आणि देखभाल

काम संपल्यावर तपासणीचे अहवाल, दोन रंगांचा मूळ नकाशा, प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा, प्रत्येक ठिगळाची जागा आणि वापरलेले साहित्य यांची एक देखभाल-वही तयार करावी. तिची एक प्रत बांधकाम विभागात, एक बाजार विभागात आणि एक मंडईतल्याच कार्यालयात ठेवावी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळी आणि पावसाचे पाइप साफ करावेत, पहिल्या मोठ्या पावसात ओल तपासावी आणि ऑक्टोबरात पुन्हा एकदा हातोडीने ठोकून पोकळ भाग नोंदवावेत. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र राज्याच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्याच दिवशी बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या आहेत का, हेही पाहावे. नव्या भाडेकराराच्या प्रत्येक प्रतीत खांबांमध्ये भिंत न घालण्याची, पोटमाळा न करण्याची आणि छपराला भोक न पाडण्याची अट छापलेली असावी, आणि ती मोडली गेली आहे का, हे वहीतील वार्षिक तपासणीत नोंदवले जावे.